भेस्तानला छापलेली पत्रिका

सुरतेच्या तंत्रनिकेतनाच्या फलकावर यादी लागली तेव्हा धनश्रीनं आधी आपलं नाव शोधलं, मग नावासमोरचं ठिकाण वाचलं, आणि मग पुन्हा नावावर बोट ठेवून ओळ जुळवून पाहिली. ओळ बरोबर होती. वर्गातल्या कुणाला कापड बाजारातल्या मोठ्या पेढीचं ऑफिस मिळालं होतं, कुणाला हिऱ्याच्या कारखान्याचं, दोघींना तर बँक. धनश्रीच्या नावासमोर लिहिलं होतं, ‘तारा टाइपिंग अँड प्रिंटिंग, भेस्तान’.

१९९६ सालची मे महिन्याची सुट्टी होती. कॉम्प्युटर आणि ऑफिसकामाच्या त्या दोन वर्षांच्या डिप्लोमात मधल्या सुट्टीत सहा आठवडे कुठंतरी प्रत्यक्ष काम करावं लागे. सगळ्या त्याला ट्रेनिंग म्हणत. धनश्री लिंबायतची, खानदेशातून आलेल्या कामगारांच्या वस्तीतली. तिचे वडील चिंधा पॉवरलूमवर कारागीर, आई सरलाबाई घरी बसून साड्यांचे सुटे धागे कापायची. गल्लीतून डिप्लोमाला गेलेली ती पहिलीच मुलगी, त्यामुळे पोर कुठल्या ऑफिसात जाणार याची चौकशी शेजारीपाजारी महिनाभर आधीच सुरू झाली होती. आता त्यांना काय सांगायचं?

ती ट्रेनिंगची ठिकाणं ठरवणाऱ्या देसाई मॅडमकडे गेली. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “नानी जग्या छे, बेन, पण बधुं काम जोवा मळशे,” त्या म्हणाल्या. जागा लहान, पण काम सगळं बघायला मिळेल. नाराज मुलीची समजूत घालायची म्हणून मॅडम बोलताहेत हे धनश्रीला कळलं. ती मान हलवून निघून आली.

शहराच्या कडेच्या भेस्तानला ती पहिल्या दिवशी पोचली तेव्हा एका बाजूला सायकलींचं पंक्चर काढणारा आणि दुसऱ्या बाजूला शिंपी, यांच्यामध्ये एका खोलीचं दुकान होतं. आत एक कॉम्प्युटर, त्याच्यावर धुळीपासून जपायला घातलेलं फुलांचं कव्हर, एक लेझर प्रिंटर, दोन खुर्च्या. मागच्या दारातून रंगाचा आणि रॉकेलचा वास येत होता. खुर्चीवर तिशीची एक बाई बसली होती, तिनं पदर खोचलेला होता.

“धनश्री तूच का? ये. चहा घेतला?”

“घेतलाय, मॅडम.”

“मॅडम नको म्हणू. ताई म्हण. मी काही तुले परीक्षेले बसवून नाही राहिली.”

तारा मूळची अकोल्याकडची. तिचं ते ‘तुले’ ऐकून धनश्रीला एकदम हसू आलं. घरी आई तिला अहिराणीत ‘तुले’च म्हणायची. दोन्हीकडचा मुलूख वेगळा, पण तेवढा एक शब्द सारखा निघाला, आणि पहिल्या दहा मिनिटांतला तिचा अवघडलेपणा गेला.

ताराची गोष्ट तिला पहिल्या आठवड्यात तुकड्यातुकड्यानं कळली. ताराचा नवरा गणपत बांधकामावर सेंटरिंगची कामं घ्यायचा, आणि सुटीच्या दिवशी दुकानाच्या मागच्या खोलीत स्क्रीन प्रिंटिंग करायचा. लाकडी चौकटीवर नायलॉनची जाळी ताणायची, जाळीवर अक्षरं उठवायची, आणि वरून रबरी पट्टीनं शाई ओढली की खालच्या कागदावर मजकूर उमटतो. तारानं स्वतः दहा वर्षं शहरातल्या एका गुजराती प्रेसमध्ये टायपिंग केलं होतं. दोन महिन्यांपूर्वी ती नोकरी सोडून तिनं हे दुकान काढलं होतं.

“चांगली नोकरी होती ना, ताई? मग का सोडली?” धनश्रीनं विचारलं.

तारा कीबोर्डवरची धूळ पुसत होती. “एक दिवस शेठ म्हणे, ताराबेन, तुम्ही हाये तोवर मले या प्रेसची काळजी नाही. मी घरी आली अन् विचार करत बसली. दहा वर्सं मी त्याच्या प्रेसची काळजी करून राहिली, अन् त्याले काही काळजी नाही. मंग तेवढी काळजी मी माह्याच प्रेसची काहून करू नये?”

मात्र ती काळजी रोज पुढ्यात येऊन बसत होती. बिलबुकं, लेटरहेडं, शाळांच्या प्रश्नपत्रिका ही कामं करणारी दुकानं सुरतेत गल्लोगल्ली झाली होती. दिवसातून दोनतीन गिऱ्हाइकं यायची. त्यातलं एक पंक्चरवाल्याचं, नोटेचे सुटे मागायला आलेलं असायचं. उरलेल्या वेळात तारा धनश्रीला सगळं शिकवायची. मजकूर कसा मांडायचा, बटर पेपरवर छापून जाळीवर कसा चढवायचा, शाई किती पातळ करायची. आठवड्याअखेर धनश्रीच्या नखांत लाल शाई बसली होती.

घरी चिंधा विचारायचा, “कसं शे ऑफिस?”

“ऑफिस नही शे, बाबा. दुकान शे.”

“तठे एसी शे का?” सरलाबाई आतून विचारायची.

“पंखा शे. तो बी आवाज करस.”

चिंधा हसायचा. बारा-बारा तास मागांच्या खडखडाटात काढून त्याला तसंही कमी ऐकू येई. पंख्याच्या आवाजाचं त्याला काय वाटणार?

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी डबे उघडून दोघी बसल्या होत्या. धनश्री सहज सांगत होती की शेजारच्या शोभाबाईच्या मुलाचं, पंडितचं लग्न ठरलंय, आणि त्याचे वडील हिलाल महाजन उद्या गाडीनं नंदुरबारला चाललेत.

“काहून? पोरगी तिकडची हाये?”

“नाही ताई, पत्रिका छापायला. आधी मजकूर देऊन येतील, मग कच्ची पत्रिका वाचायला पुन्हा जातील, मग आणायला तिसऱ्यांदा. लिंबायतमधले सगळे तसंच करतात.”

ताराचा घास हातातच राहिला. “सुरतेत प्रेस नाहीत?”

“आहेत, पण गुजराती. हिंदी छापणाऱ्यांकडे ‘ळ’ नसतो. मागच्या वर्षी आमच्या गल्लीत एकांनी हिंदीवाल्याकडून पत्रिका करून घेतली. हळदीच्या ठिकाणी ‘हलदी’ आलं, अमळनेरचं ‘अमलनेर’ झालं, आणि लग्न होतं धुळ्याला, तर छापलं ‘लग्नस्थळ’च्या ऐवजी ‘लग्नस्थल धुले’. लोक विचारत होते, लग्न धुतलं का वाळत घातलं?”

तारा हसली नाही. तिनं डबा बाजूला सारला, हात धुतले, कॉम्प्युटरवरचं फुलांचं कव्हर काढलं आणि देवनागरी अक्षरं उघडली. ती तिनं हिंदी अर्जांसाठी घेतलेली होती. मराठीसाठी कधी वापरलीच नव्हती.

“बघ व, यात हाये का तो?”

दोघींनी एकेक कळ दाबून पाहायला सुरुवात केली. ल आला, ल्ह आला, कुठलं तरी चिन्ह आलं, नुसता चौकोन आला. मग शिफ्ट धरून धनश्रीनं कोपऱ्यातली एक कळ दाबली आणि पडद्यावर ‘ळ’ उमटला, चांगला गोलमटोल.

“सापडला!” ती ओरडली. शेजारचा शिंपी शिवण थांबवून डोकावला. काय सापडलं म्हणून विचारू लागला.

तारानं तो एकच ‘ळ’ पानभर मोठा करून छापला आणि भिंतीवर चिकटवला. मग ती धनश्रीकडे वळली. “आता तू हिलालभाऊकडे जा, उद्याची गाडी थांबव. पण त्याच्या आधी पाच घरं विचार. लोकायले पत्रिका कशी पाहिजे, काय लिहिलेलं पाहिजे, काय चुकलं तर राग येतो. आपल्याला काय येतं ते नको सांगू. त्याईले काय पाहिजे ते ऐक.”

धनश्रीला वाटलं होतं, ट्रेनिंग म्हणजे खुर्चीत बसून टायपिंग. दारोदार जाऊन बायकांना विचारायचं हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. पहिल्या घरासमोर ती दोनदा पुढे जाऊन मागे आली. तिसऱ्यांदा त्या घरच्या बाईनंच विचारलं, “काय व, काही हरपलं का तुन्हं?” मग तिला बोलावंच लागलं.

आणि एकदा बोलल्यावर ती थांबेना, कारण लोकच थांबेनात. बायकांनी पेटाऱ्यांतून, साड्यांच्या घड्यांखालून जुन्या पत्रिका काढून दिल्या. प्रत्येक पत्रिकेमागे एक भांडण होतं. कुणाच्या चुलत्याचं नाव खाली गेलं म्हणून तो जेवला नव्हता. कुणाच्या पत्रिकेत गावाचा तालुकाच बदलला होता. कुणाच्या नवरदेवाच्या नावापुढे ‘चि.’ राहून गेलं होतं, आणि सासरचे अजून त्यावरून टोमणे मारत होते. कुलदैवत आधी, मग गावचं दैवत, मग आजे-पणजे, मग काके. ‘व्यवस्थापक’ म्हणून कुणाचं आणि ‘आपले नम्र’ म्हणून कुणाचं, याचे गल्लीगणिक नियम. आणि सगळ्यात खाली, लहान मुलांच्या नावानं, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ ही ओळ कुणालाच वगळलेली चालत नव्हती.

चिंधानंही चहाच्या सुटीत सोबतच्या कारागिरांना सांगितलं. रविवारपर्यंत धनश्रीकडे त्रेचाळीस पत्रिका जमल्या. ताराच्या दुकानात जमिनीवर त्या पसरून दोघी एखाद्या नकाशावरून गाव शोधावं तशा त्यांच्यातून वाट काढत बसल्या. दोन दिवसांत त्यांनी चार नमुने तयार केले. धनश्रीच्या सांगण्यावरून दोनचार दिवस थांबलेल्या हिलाल महाजननं ते बघून नंदुरबारला जाणं रद्द केलं. त्यानं सगळी नावं लिहिलेला कागद धनश्रीच्या हातात दिला आणि म्हणाला, “पोरी, तुन्हावर सोडं.” तुझ्यावर सोडलं.

तिनं तो मजकूर टाइप केला. पडद्यावर एकेक नाव येत होतं आणि तिला वाटत होतं, आतापर्यंत शिकलेलं सगळं याच कामासाठी होतं. कच्ची पत्रिका तिनं हिलालला दाखवली. त्यानं चष्मा लावून आपल्या भावांची, चुलत्यांची नावं वाचली, बोट टेकवत मोजली आणि पसंतीची मान हलवली. तारानं ‘ळ’ तपासले. गुरुवारी गणपतनं सुटी घेतली आणि तीनशे पत्रिका छापून झाल्या. लाल अक्षरं, वर सोनेरी गणपती. दुकानभर दोऱ्या बांधून त्यांच्यावर त्या वाळत घातल्या, तेव्हा पंक्चरवालासुद्धा बघायला आला.

शुक्रवारी सकाळी गठ्ठा घेऊन धनश्री स्वतः शोभाबाईकडे गेली. शोभाबाईला थोडं वाचता येत होतं. तिनं पत्रिका उघडली, हळद-कुंकू लावलं, आणि सावकाश वाचू लागली. वाचता वाचता तिचा चेहरा बदलला. तिनं पुन्हा वरून सुरुवात केली.

“राघो कथा शे?” राघो कुठं आहे, असं तिनं विचारलं.

“कोण राघो?”

“मन्हा भाऊ! पंडितना मामा!” शोभाबाई खाली बसली. “काय करं व माय तू हाई! मामानं नावच नही. आते तो लगनले येवाव नही.”

मामाशिवाय लग्न? अंतरपाट धरल्यावर नवरदेवामागे उभं राहायचं कुणी? धनश्रीनं पिशवीतून हिलालचा मूळ कागद काढला. समोरच्या बाजूला महाजनांकडची सगळी नावं होती. तिनं कागद उलटला. मागे, पेन्सिलीनं, एकच ओळ होती : ‘श्री. राघो माळी, चलथाण (मामा)’.

तिनं कागद उलटलाच नव्हता.

हिलालनंही कच्च्या पत्रिकेत आपलीच माणसं तेवढी वाचली होती. पण ते तिनं बोलून दाखवलं नाही. ती भेस्तानला गेली आणि दारातच ताराला सगळं सांगून मोकळी झाली. डोळे भरून आले होते, ते तिनं ओढणीनं पुसले.

तारा रागावली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तारा एवढंच म्हणाली, “पत्रिका कधी जायच्या हाये?”

“उद्या सकाळी. त्यांचे पाहुणे गाडीनं खानदेशात चाललेत, त्यांच्यासोबत दीडशे पाठवायच्या आहेत.”

“नवीन छापून देऊ. ते आपल्यावर हाये. पण तशीच कोरी कार्डं बाजारात सोमवारशिवाय मिळत नाही.” ती येरझाऱ्या घालू लागली. “बघ, चूक तर झाली. आता ज्याले लागली त्याच्याकडे आपण जायचं का त्यानं आपल्याकडे यायचं, एवढंच आपल्या हातात हाये.”

धनश्री घरी आली तेव्हा चिंधा रात्रपाळी करून नुकताच उठला होता. तिचा चेहरा बघून त्यानं विचारलं, आणि सगळं ऐकून झाल्यावर शर्ट घातला. “चाल. मी येस तुन्हासंगे.”

सुरतेजवळच्या चलथाणला उसाचं गाळप संपलं होतं, पण साखर कारखान्यात दुरुस्तीची कामं चालू होती. राघो माळी तिथं फिटर होता. दुपारच्या जेवणाला तो खोलीवर आला होता. उंच, कोरड्या चेहऱ्याचा माणूस. ओसरीवर खाटेवर त्याची आई, दगूबाई, शेंगा सोलत बसली होती. नव्वदीला आलेली, पण हात भराभर चालत होते.

“कोनी पोर शे तू?” राघोनं विचारलं.

“चिंधाभाऊनी. लिंबायतनी.”

“बठ.”

धनश्री बसली नाही. तिनं पत्रिका त्याच्या हातात दिली. राघोनं खिशातून चष्मा काढला आणि एकेक नाव मोठ्यानं वाचलं. शेवटच्या नावापर्यंत आल्यावर तो थांबला.

“मन्हं नाव नही शे.”

“नही शे, मामा. कागदना मांगे व्हतं. मी कागद उलटाच नही.” तिनं हिलालचा कागद काढून उलटून दाखवला. “शोभाबाईनी चूक नही. मन्ही शे. ती सकायपाशी रडी ऱ्हायनी.”

“तुले तिनी धाडं का?”

“नही. मीच उनू.”

राघोनं चष्मा पुसून पुन्हा लावला. चिंधा दारात चपला हातात घेऊन उभा होता. तो मध्ये पडला नाही. शेवटी राघोनं पत्रिका उलटीसुलटी करून पाहिली. नावांच्या खाली, मुलांच्या ओळीच्या वर, दोन बोटं जागा कोरी होती. तिच्यावर त्यानं अंगठा टेकवला.

“आठे छापता येस का, काही?”

धनश्रीला तो प्रश्न ऐकू आला आणि त्याच क्षणी मागच्या खोलीतली ती जाळीची चौकट डोळ्यांसमोर आली. त्या जाळीनं छापलेल्या कागदावर पुन्हा छापता येतं. नवीन कार्डं लागणारच नाहीत. एका ओळीची जाळी करायची आणि प्रत्येक पत्रिका त्याच जागी ठेवून पुन्हा शाई ओढायची.

“येस, मामा! आजच व्हई.”

“मंग मन्हं नाव टाकशी त पहिले मायनं टाक,” राघो खाटेकडे बोट करून म्हणाला. “पंडित दोन वरीसना व्हता, शोभाले टायफड व्हयना, तवय पासून पाच वरीस तो आठे, हिन्याजोडे व्हता. त्याले हिनीच मोठा करा.”

खाटेवरचे हात थांबले. “मन्हं नाव? कागदवर?” दगूबाई म्हणाली. “काबर रे भो?”

“ऱ्हाऊ दे, माय. ऱ्हाऊ दे.”

म्हातारीनं धनश्रीला जवळ बोलावलं आणि नेमकं कुठं येणार ते विचारलं. धनश्रीनं तिचं बोट धरून त्या कोऱ्या जागेवर ठेवलं. दगूबाईला एक अक्षरही येत नव्हतं. तरी तिनं ती जागा दोनदा चाचपून पाहिली, आणि मग मूठभर शेंगा धनश्रीच्या ओढणीत टाकल्या.

परत येताना ती आधी शोभाबाईच्या घरी उतरली. हिलालला ते जरा जड गेलं. पत्रिकेत म्हाताऱ्या बाईचं वेगळं नाव, तेही मामाच्या आधी, असं त्यानं कुठं पाहिलं नव्हतं. तो काहीतरी बोलणार होता. शोभाबाई म्हणाली, “मन्ही माय शे,” आणि तो विषय तिथंच संपला.

त्या संध्याकाळी भेस्तानच्या मागच्या खोलीत चौघं कामाला लागली. धनश्रीनं ओळ टाइप केली, ‘गं. भा. दगूबाई माळी (आजी) व श्री. राघो माळी (मामा), चलथाण’, आणि ती मोठ्यानं तीनदा वाचली, मूळ कागदाच्या दोन्ही बाजू बघून. गणपतनं टेबलावर पुठ्ठ्याचे दोन तुकडे काटकोनात चिकटवले, म्हणजे प्रत्येक पत्रिका त्या कोपऱ्यात बसवली की ओळ केसभरही इकडेतिकडे होणार नाही. धनश्री पत्रिका ठेवायची, तारा शाई ओढायची, गणपत उचलायचा, आणि चिंधा, ज्याला कुणी बोलावलं नव्हतं पण जो गेलाही नव्हता, तो त्या दोरीवर अडकवायचा. पहिल्या तीन वाया गेल्या. चौथी नीट उतरली. तारा ती उजेडात धरून म्हणाली, “हे तर आधीपेक्षा चांगलं दिसून राहिलं व.” आणि खरंच होतं ते. इतरांची नावं दाटीवाटीनं होती. आजीची ओळ मोकळ्या जागेत एकटीच होती.

शनिवारी सकाळी दीडशे पत्रिका गाडीनं गेल्या.

रविवारी धनश्रीनं एका पानाचा फॉर्म तयार केला. वर कुलदैवत, मग नवऱ्यामुलाकडचे, मुलीकडचे, मामा वेगळ्या रकान्यात, आजी-आजोबा दोन्हीकडचे. खाली ठळक अक्षरांत, ‘घरातल्या दोन माणसांनी वाचून सही किंवा अंगठा करावा, त्यातलं एक माणूस आईकडचं असावं.’ तारानं तो वाचला, पुन्हा वाचला, आणि त्याच्या पन्नास प्रती काढल्या.

लग्न जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. मामा नवरदेवामागे उभा राहिला. दगूबाईला लिंबायतला आणलं होतं. मांडवात जो भेटेल त्याला ती पत्रिका दाखवायला लावायची आणि आपलं नाव कुठं आहे ते त्याच्याकडून वाचून घ्यायची. पंधरा-वीस वेळा तिनं ते ऐकलं असेल. त्याच मांडवात तीन बायकांनी धनश्रीला बाजूला घेऊन विचारलं, “आमना घरनं बी दिवाईनंतर लगन शे. तू छापी देशी का?”

ट्रेनिंगचा शेवटचा दिवस आला. तारानं तिला स्वतःचं सर्टिफिकेट स्वतःच टाइप करायला लावलं. “काय लिहू, ताई?” असं विचारल्यावर म्हणाली, “जे केलं ते लिही. जास्त नको, कमी नको.” धनश्रीला ते लिहायला अर्धा दिवस लागला. शेवटी पाच ओळी झाल्या. त्यात एक ओळ चुकीबद्दलची होती. तारानं ती खोडली नाही. सही करून शिक्का मारला.

मग ती पुन्हा खुर्चीत टेकली. “आता ऐक. तुह्यं एक वर्ष कॉलेज हाये. ते पूर्ण कर. पण लिंबायतच्या पत्रिका माह्याकडे कोण आणणार? मी तिथली नाही. लोकायचं तुह्यावर मन हाये. रविवारी तू घेत जा, छपाई मी करते, अन् दुकानाच्या पाटीवर तुह्यं बी नाव टाकते. नोकरी नाही म्हणत मी. भागीदारी म्हणते. घरी विचार.”

धनश्रीनं घरी जाऊन विचारलं तेव्हा सरलाबाईनं हातातली कात्री बाजूला ठेवली. तिच्या मनात अजून ते मोठं ऑफिस होतं, बिल्ला लावून जाणारी मुलगी होती. “धंदामा आज शे, सकाय नही,” ती म्हणाली. आज आहे, उद्या नाही.

“कॉलेज तर करनंच शे, आई. नोकरी लागनी त नोकरी बी करसू. पण रविवार मन्हा शे ना?”

चिंधा इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होता. “करू दे तिले,” तो म्हणाला. “मी तीस वरीस दुसराना माग चलाडा. तिनं तरी स्वतःनं काही चलाडू दे.”

सरलाबाईनं यावर हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पण पुढच्या रविवारी सकाळी धनश्री उठली तेव्हा पुढच्या खोलीतली साड्यांची गाठोडी भिंतीकडे सरकवलेली होती. मधली फरशी पुसलेली होती आणि दारापाशी लोखंडी घडीचं टेबल मांडलेलं होतं. ते टेबल कुणाकडून मागून आणलं, ते आईनं सांगितलं नाही.

साडेनऊला पहिली मंडळी आली, नवागामहून, बाप, मुलगी आणि मुलीची मावशी. धनश्रीनं त्यांना बसायला दिलं. मावशीला पाणी नको होतं, चहा हवा होता. मुलगी लाजून मागे सरकत होती. धनश्रीनं फॉर्म टेबलावर ठेवला, पेनाचं टोपण काढलं, आणि मुलीला पुढे बोलावून विचारलं, “नाव काय तुझं? तूच सांग. नीट, अक्षर अक्षर सांग.”

मुलीनं सांगितलं. बाहेर गल्लीत माग सुरू झाले होते, त्यामुळे धनश्रीनं ते पुन्हा विचारून घेतलं, आणि मग लिहिलं.